टिकाऊतून टाकाऊ

हिंगण्यात एमआयडीसी असल्यामुळे खऱ्या भंगाराला तोटा नाही. पत्र्याचे तुकडे, तारा, पुठ्ठे, हवं ते. तरी शाळेच्या कलाप्रदर्शनात ‘टाकाऊतून टिकाऊ’ विभाग निघाला की पालक नागपूरचा सीताबर्डी बाजार गाठतात. नव्या बाटल्या, नवे चमचे, नवी लोकर. टाकाऊ दिसावं म्हणून वरून तपकिरी रंग. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, म्हणून ‘पर्यावरण वाचवा’चा देखावा थर्माकोललाच हिरवा रंग देऊन उभा राहतो.

कलाकार रात्री दहाला झोपतो. आई फेविकॉल लावत बसते, बाबा ‘सरळ धर’ एवढं सांगून कलेची सेवा करतात. इंटरमिजिएट ड्रॉइंगमध्ये अ श्रेणी आली तर दहावीला ७ वाढीव गुण मिळतात. पालकांसाठी शासनाने अजून काही योजना काढलेली नाही.

एखादा मातीचा बैल येतो, पोळ्यातल्यासारखा रंगवलेला, एक शिंग वर, एक खाली. तो पोराने स्वतः केलाय हे लांबूनच कळतं. त्याला खांबाआड जागा मिळते.

पहिल्या बक्षिसाच्या टेबलाशी परीक्षक थांबतात. “छान! कसं केलंस, बेटा?”

बेटा आईकडे बघतो.