सूर्यकाका

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर ऊन सव्वादहाला येतं आणि साडेदहाला जातं. शेजारचा वाडा पडून तिथे सहा मजले चढले, तेव्हापासून हेच वेळापत्रक. सदाशिव पेठेत अशा अन्यायावर माणसं एकतर कोर्टात जातात, नाहीतर जन्मभर कुरकुरतात. तळमजल्यावरच्या काकांनी तिसराच मार्ग काढला. निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी घरात सूर्य बसवायला घेतला. एक नाही, आठ. तेव्हापासून त्यांचं खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं आहे.

गोष्ट २०११ सालची. घरोघरचे गोल पिवळे बल्ब जाऊन सीएफएल आले होते ते दिवस. जिलबीसारखी वेटोळी नळी, खाली प्लॅस्टिकचं बूड, आणि खटका दाबल्यावर क्षणभर विचार करून सावकाश उजळायची सवय. काकांना हा दिवा पाहताक्षणी आवडला, कारण त्याच्या खोक्यावर वाचायला भरपूर मजकूर होता. तापाच्या गोळीआधी आतला घडीचा कागद दोन्ही बाजूंनी वाचून काढणाऱ्यांपैकी ते आहेत. तोवर ताप उतरलेला असतो.

दिवे आणायला तपकीर गल्लीत मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. एकदाच.

"पांढरा देऊ का पिवळा?" दुकानदाराने विचारलं.

"केल्विन किती?"

"काका, वर्षाची गॅरंटी आहे."

"गॅरंटी कोण विचारतंय? साडेसहा हजार केल्विन का सत्तावीसशे?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्यांकडे पाहिलं. मग काकांनी तिथेच वर्ग भरवला. पानं वाढवायची तर साडेसहा हजारचा निळसर पांढरा दिवा, फुलं आणायची तर सत्तावीसशेचा तांबूस पिवळा. पान निळा आणि तांबडा उजेड खातं, हिरवा बराचसा परत पाठवतं, म्हणून तर ते हिरवं दिसतं. मागे तिष्ठत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला चोक हवा होता. तोही ऐकत राहिला. आणि हे सगळं खरं होतं. काकांचं कुठलंच वाक्य खोटं नसतं, हीच त्यांच्यापाशी मोठी अडचण आहे.

दिवे बसले ते बैठकीच्या खोलीतल्या शोकेसमध्ये. काकूंच्या माहेरच्या कपबशा माळ्यावर गेल्या. फळ्यांना आतून चंदेरी कागद लागला. तो पुतण्याच्या मुंजीत उरलेल्या द्रोणांचा. साध्या पांढऱ्या रंगानेही उजेड चांगला परततो, पण पांढऱ्या रंगाला पैसे पडतात आणि द्रोण घरात होते. रोपं वाढतील तसे दिवे वर खेचायला हवेत, त्यासाठी पायजम्याच्या नाड्या. त्या महिन्यात काका कमरेला करगोटा आवळून फिरत होते, असं काकू सांगतात. मी खात्री करून घेतलेली नाही.

जुन्या बाजारातून एका रविवारी ते उजेड मोजायचं यंत्र घेऊन आले. त्या यंत्राने आमच्या इमारतीला तिची लायकी कळली. बाहेर भर दुपारी उन्हात लाखभर लक्स, काकांच्या खोलीत दिवसा दीडशे. दिव्याखाली एक वीत अंतरावर दोन-अडीच हजार, दोन विती अंतरावर त्याच्या जेमतेम चौथाई. अंतर दुप्पट झालं की उजेड चौपटीने घटतो, हा नियम काकांना शाळेपासून पाठ होता. तरी पहिली कोथिंबीर त्यांनी दोन विती खालीच पेरली. कारण विचारलं तर म्हणाले, "पानं भाजतील." रोपं उजेड शोधत वर वर गेली. दोऱ्यासारखी, फिकी, उंच. आठव्या दिवशी सगळ्यांनी एकदम माना टाकल्या. पुढच्या खेपेला दिवे चार बोटांवर आले. सीएफएल जुन्या बल्बसारखा तापत नाही, पानाला जवळजवळ खेटून ठेवला तरी चालतो, आणि त्याची सगळी गंमत त्या जवळिकीतच आहे. लांब टांगला तर तो झाडासाठी नाही, पाहुण्यांसाठी.

दीड महिन्याने जुडी आली. जुडी हा शब्द काकांचा. काकूंनी त्या दिवशी पोहे केले आणि प्रत्येक बशीवर तीन-तीन पानं ठेवली. काका समोर बसून बघत होते.

"नीट चावून खा. घरचं आहे."

हिशेबात ते पक्के प्रामाणिक आहेत. वहीत लिहिलेलंच आहे: २३ वॅटचे ८ दिवे, एकूण १८४ वॅट, रोज १६ तास, महिन्याला ८८ युनिट. म्हणजे मी त्या सकाळी १३२ युनिटांतला माझा वाटा पोह्यांवरून खाल्ला. काकूंनी वही मिटली आणि एवढंच म्हणाल्या, "मंडईत पाच रुपयांना मिळते. वर दोन मिरच्या."

पण खरा प्रसंग घडला नवरात्रात. काकांकडे घट बसतो. पत्रावळीवर काळी माती, त्यात गहू-ज्वारी, वर कलश आणि शेजारी अखंड नंदादीप. देवघर अंधारं, आणि म्हणूनच नऊ दिवसांत ते धान लांबसडक, सोनपिवळं वर येतं. अंधारात पानाला हिरवा रंग चढत नाही आणि कोंब उजेडाच्या शोधात लांबत जातो. दसऱ्याला तेच धान टोपीत खोवायचं, वेणीत माळायचं. कोथिंबिरीत जी फजिती, तीच घटात शोभा.

काकांनी घटावर सीएफएल टांगला.

"नंदादीप लावतातच ना? तत्त्व तेच. फक्त मेणबत्ती बारा-तेरा लुमेनची असते, आपला नंदादीप त्याहूनही मिणमिणता. हा चौदाशेचा आहे. देवीला काय जड आहे?"

नवव्या दिवशी घटाखाली बोटभर उंचीचं, हिरवंगार, दणकट गव्हाचं शेत उभं होतं. बी म्हणून वापरावं इतकं सुदृढ. काकांच्या आत्या, वय अठ्ठ्याऐंशी, खास धान न्यायला आल्या होत्या. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"मेल्या, घट बसवलायस का म्हशीचा चारा?"

त्या वर्षी आमच्या सगळ्यांच्या टोप्यांत हिरवं गवत होतं. रस्त्यात भेटलेल्या प्रत्येकाने सोनं देताना आधी टोपीकडे आणि मग तोंडाकडे पाहिलं. काका मात्र पट्टी घेऊन मोजत होते.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवा पडला. नाडी जुनी होती. या दिव्यात पारा असतो. मिलिग्रॅममध्ये मोजावा इतकाच, पण असतो. पाऱ्याच्या वाफेतून वीज गेली की डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश निघतो, नळीच्या आतला पांढरा लेप त्याचा दिसणारा उजेड करतो. सगळा कारभार असा पाऱ्याच्या जिवावर. काकू सवयीने केरसुणी घेऊन धावल्या आणि काका आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. केरसुणीने तो पसरतो! सगळे बाहेर! खिडक्या उघडा! पंधरा मिनिटं आम्ही पायऱ्यांवर बसलो. काकूंच्या हाताला कणीक. मग काका नाकाला उपरणं बांधून आत गेले, काचा लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याने गोळा केल्या, बारीक चुरा चिकटपट्टीने उचलला, आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद केलं. बरणी लिंबाच्या लोणच्याची. कचऱ्याच्या गाडीवाल्याला ते ती देईनात, भंगारवाला ती घेईना. पुढे २०१६ च्या ई-कचऱ्याच्या नियमांत हे दिवे आले तेव्हा काका मला जिना चढून सांगायला आले. बरणी अजून माळ्यावर आहे, कपबशांशेजारी. तिच्यावर तारीख आहे आणि काकूंच्या अक्षरात "लोणचं नाही".

कोथिंबिरीनंतर मेथी, मेथीनंतर पुदिना, आणि मग शेवंती.

शेवंतीसाठी त्यांनी सगळे दिवे बदलून सत्तावीसशेचे लावले. खोली देवळासारखी पिवळी झाली. झाड वाढलं. फांद्या फुटल्या, पानं तळव्याएवढी, खोड करंगळीएवढं. कळीचं नाव नाही. काकांनी सोळा तासांचे अठरा केले. मग वीस.

"उजेड कमी पडतोय," ते म्हणायचे.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राला विचारलं. तो आधी हसला. अमेरिकेत गार्नर आणि अॅलार्ड या दोघांनी १९२० साली तंबाखूच्या एका जातीवर हेच दाखवलं होतं. ती शेतात उन्हाळाभर माणसाच्या डोक्यावर वाढायची, पण फुलायची नाही. रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोपटात कोंडली, तेव्हा फुलली. शेवंती त्यातलीच. तिला रात्र मोठी लागते. अवेळी फुलं हवी असणारे शेतकरी पॉलिहाउसमध्ये तिच्यावर काळं कापड पांघरतात. मी धावत खाली जाऊन काकांना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ती तंबाखू," ते म्हणाले. "व्यसनी झाड. शेवंती देवाचं फूल आहे."

आणि त्यांनी नववा दिवा आणला.

गणपती झाल्यावर लेकीच्या नव्या घराचं फर्निचर करून घ्यायला ते बंगळूरला गेले. काकू गुडघ्यांमुळे मागे राहिल्या. जाताना शोकेसवर तक्ता चिकटवून गेले: पहाटे चारला चालू, रात्री बाराला बंद. रोज फोन यायचा.

"दिवे चालू आहेत ना?"

"आहेत हो," काकू म्हणायच्या.

होतेच. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. नऊला काकू भाजी निवडायला बसत, त्यांना तो उजेड सोयीचा होता. दिवेलागणीला देवापाशी निरांजन लावून झालं की त्या शोकेसचा खटका बंद करत. "किडे येतात," एवढंच कारण. शिवाय बिल.

काका मार्गशीर्षात परतले. रिक्षातून बॅग उतरवायला मी खाली गेलो होतो. दार उघडलं आणि ते उंबऱ्यातच थांबले. शोकेसमध्ये पिवळीधमक शेवंती होती, काचेला टेकलेली, मोजता येऊ नये इतकी. काका मोजायला लागले.

"सत्तावीसशे केल्विन," त्रेचाळिसाव्या फुलाशी ते म्हणाले. आवाज जरा कापरा झाला होता. "म्हटलं नव्हतं? आणि वीस तास. पाऊण तपाचा अनुभव आहे माझा. तुझ्या त्या मित्राला बोलाव उद्या चहाला."

मी काकूंकडे पाहिलं. त्या गुरुवारच्या पूजेची परडी घेऊन आल्या, पुढची सात फुलं खुडली.

"अगं, मोजतोय मी!"

"मोजा की," काकू म्हणाल्या. घड्याळात सहा वाजून गेले होते. त्यांनी जाता जाता खटका बंद केला.