मास्क मागितला, समुपदेशन मिळालं

मार्च 2020 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने रुग्णालयांना कळवलं: मास्क संपले तर शेवटचा उपाय म्हणून रुमाल किंवा स्कार्फ बांधा. तो बांधून वॉर्डात उभ्या राहिलेल्या नर्सला घरी झोप लागली नसेल, तर बिघाड तिच्या मनात कशाला शोधायचा?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याने तो कामाच्या जागी शोधला होता. जुलै 2020 मध्ये कोविडपासून कर्मचाऱ्यांच्या संरक्षणाचा सक्तीचा नियम करणारं ते देशातलं पहिलं राज्य. त्यातलं एक कलम मला सर्वांत मोलाचं वाटतं. संसर्गाच्या धोक्याबद्दल कर्मचारी वरिष्ठांपाशी, पत्रकारांपाशी, अगदी समाजमाध्यमांवर बोलला, तरी त्याच्यावर सूड उगवायचा नाही. घुसमट वाढते ती तोंड बंद ठेवावं लागल्यामुळेच.

अमेरिकेतल्या भारतीय डॉक्टरांचं तोंड तर व्हिसानेही बांधलेलं. एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर व्हिसा त्या मालकाशी जोडलेला. शेजारच्या रुग्णालयात माणसं कमी पडली तरी तिथे परस्पर कामाला जाता येत नाही. नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस, आणि बायकामुलांचं देशात राहणंही त्याच कागदावर. अशा माणसाने रात्री दोन वाजता ‘पीपीई किट कुठे आहे?’ असं खडसावून विचारायचं कसं?

न्यूयॉर्कच्या आपत्कालीन विभागातल्या डॉ. लोर्ना ब्रीन यांना स्वतःला कोविड झाला, त्या पुन्हा कामावर गेल्या, कोसळल्या. एप्रिल 2020 मध्ये व्हर्जिनियातच, शार्लट्सव्हिलला, त्यांनी आयुष्य संपवलं. मानसिक उपचार घेतल्याचं कळलं तर परवाना जाईल, ही धास्ती त्यांना होती, असं कुटुंबीयांनी सांगितलं. त्यांच्या नावाचा कायदा 18 मार्च 2022 रोजी झाला. प्रशिक्षण, जनजागृती, उपचारांसाठी अनुदान. सगळं हवंच होतं. पण एका नर्सकडे किती रुग्ण, यावर त्यात मर्यादा नाही. कॅलिफोर्नियात ती 2004 पासून आहे, व्हर्जिनियात आजही नाही. आणि त्याच मार्चमध्ये व्हर्जिनियाने आपला तो सक्तीचा नियम रद्द केला!

महाराष्ट्रातल्या आशाताईंनी ताणाचं कारण नेमकं ओळखलं होतं. सरकारदरबारी त्या स्वयंसेविका. घरोघर तपासणी करायची, पण ठरलेला पगार नाही. 15 जून 2021 ला त्या संपावर गेल्या, तेव्हा त्यांनी मानधनवाढ आणि सुरक्षा मागितली, ध्यानधारणेचे वर्ग मागितले नाहीत.

व्हर्जिनियातल्या हर्नडनच्या मराठी मतदारांनी राज्याच्या राजधानीत, रिचमंडला, पाठवलेल्या आपल्या आमदाराला दोनच गोष्टी विचाराव्यात. सूड न उगवण्याचं ते कलम, साथ असो वा नसो, कायमच्या कायद्यात कधी येणार? आणि एका नर्सकडे किती रुग्ण, हा आकडा कोण ठरवणार?