लाइट स्टँड वाऱ्यावर सोडू नये

लाइट स्टँडच्या खोक्यावर ‘क्षमता : आठ किलो’ असे छापलेले असते, आणि ते खोटे नसते. फक्त ते चार भिंतींच्या आत, सपाट फरशीवर आणि पंखा बंद असताना खरे असते. दुकानात या तिन्ही अटी आयत्याच पुऱ्या होतात, म्हणून दुकानात स्टँड कधी पडत नाही. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत तिन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या करणारी जागा शोधायची तर मंगल कार्यालयाच्या कोठीघरात जावे लागेल, आणि तिथे पिठाच्या पोत्यांपुढे उभे राहून प्री-वेडिंग करून घ्यायला आजवर कुठलीच नवरानवरी राजी झालेली दिसत नाहीत. त्यांना नाणेघाट हवा असतो, माळशेजचे ढग हवे असतात, मागे डिंभे धरणाचे पाणी हवे असते. अशा यजमानांच्या तावडीत सापडलेल्या होतकरू छायाचित्रकारासाठी हे मार्गदर्शन आहे आणि त्यातला सिद्धान्त एकच आहे. स्टँड किती वजन पेलतो हे विचारू नये. किती वाऱ्यात उभा राहतो हे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर स्टँडच्या दांड्यात नसते. ते त्याच्या पायांत आणि त्या पायांवर ठेवलेल्या ओझ्यात असते, म्हणून पैसाही त्याच क्रमाने खर्चावा.

आधी वारा. पावसाळ्यात नाणेघाटात धबधबा खाली पडायचा सोडून वर येतो. कोकणातून कड्यावर आदळणारा वारा पाण्याला खाली जाऊच देत नाही, आणि हा उलटा धबधबा पाहायला पुण्या-मुंबईची माणसे गाड्यांच्या रांगा लावतात. जो वारा पाण्याला माघारी पाठवतो, त्याच्यासमोर काही लोक दोन किलोच्या स्टँडवर सॉफ्टबॉक्स चढवतात आणि तो पडला की आश्चर्य करतात. त्या आश्चर्याचा हिशेब मांडण्यासारखा आहे. साठ बाय नव्वद सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स म्हणजे अर्ध्या चौरस मीटरहून थोडे मोठे शीड. ताशी ३६ किलोमीटरचा वारा, म्हणजे लहान झाडे डोलायला लागतात एवढाच, त्या शिडाला चारेक किलोच्या जोराने ढकलतो. चार किलो ऐकायला किरकोळ वाटतात. पण हा जोर जमिनीपासून दोन मीटर उंचीवर लागतो आणि स्टँडचे पाय मध्यापासून जेमतेम अर्धा मीटर पसरलेले असतात. त्यातही तीन पायांचा स्टँड दोन पायांच्या मधल्या रेषेवरून उलटतो, आणि ती रेषा मध्यापासून पाव मीटरवरच असते. दोन मीटरची तरफ वाऱ्याच्या बाजूने आणि पाव मीटरची आपल्या बाजूने. त्यामुळे चार किलोच्या धक्क्याला उत्तर द्यायला खाली तीसेक किलो लागतात. स्टँड आणि दिवा मिळून भरतात चार. उरलेले सव्वीस किलो बहुतेक छायाचित्रकार श्रद्धेने भरून काढतात. वाऱ्याचा आणखी एक गुण असा की त्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. म्हणून ‘सकाळी तर उभा होता’ हा युक्तिवाद दुपारी ग्राह्य धरता येत नाही.

सव्वीस किलो आणायचे कुठून, हा प्रश्न या भागात तरी कुणाला पडू नये. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव ज्या क्रेटवर ठरतो तो भरलेला क्रेट वीस किलोचा असतो, आणि मंचरच्या बाजारातली कांद्याची गोणी पन्नासच्या आसपास भरते. म्हणजे एक क्रेट कमी पडतो आणि एक गोणी जास्त होते. शास्त्राच्या दृष्टीने गोणी केव्हाही श्रेयस्कर. क्रेट वापरताना बाजारभाव मात्र पाहून घ्यावा. २०२३च्या जुलैत नारायणगावात एका क्रेटला दोन हजारांवर भाव गेला होता. तशा दिवसांत स्टँडच्या पायावर टोमॅटो ठेवले तर वाऱ्याआधी माणसांपासूनच त्याला जपावे लागेल. लग्नघरी त्याहून सोपा उपाय हाताशी असतो. वीस लिटरचा पाण्याचा जार म्हणजे वीस किलो, आणि तो प्रत्येक मांडवात असतो. पंगत बसायच्या आत परत केला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. वजन कुठे ठेवायचे यालाही नियम आहे. ते वारा येतो त्या बाजूच्या पायांवर ठेवावे, म्हणजे तेच किलो लांबून काम करतात. उरलेला एक पाय वारा जिकडे जातो तिकडे रोखावा, कारण पायाच्या दिशेने उलटायला स्टँडला दोन पायांच्या मधल्या दिशेपेक्षा दुप्पट कष्ट पडतात. पायाची दिशा बदलायला पैसे लागत नाहीत. बहुधा म्हणूनच ही गोष्ट कुठल्याही खोक्यावर छापलेली नसते.

आता प्रत्यक्ष खरेदी. बेल्ह्याच्या बैलबाजारात जाणता शेतकरी बैलाच्या शिंगांना लावलेल्या रंगावर पैसे टाकत नाही. तो खूर बघतो, दात मोजतो, चालवून बघतो आणि मगच बोलतो. स्टँडही असाच बघावा. आधी पाय पूर्ण फाकवून घेराची लांबी टेपने मोजावी. घेर एक मीटरच्या आत असेल तर पुढचे काही पाहण्याची गरज नाही. मग तो पूर्ण उंच करून माथ्याला हलका धक्का द्यावा आणि डुलणे थांबायला किती वेळ लागतो ते पाहावे. विक्रेता अस्वस्थ झाला तर ती परीक्षेची अर्धी गुणपत्रिका समजावी. नॉब घट्ट पिळून दांडा खाली दाबावा. सरकला तर तो दिव्याच्या वजनानेही सरकेल, फक्त सावकाश आणि ऐन मुहूर्तावर. एअर कुशन बोटांसाठी चांगले, स्थैर्याशी त्याचा संबंध नाही. ॲल्युमिनियम की पोलाद या वादात फार पडू नये. पोलाद जड असते आणि इथे जडपणा हा गुण आहे. भीमाशंकरच्या पावसात ते गंजते, तर पुसून ठेवावे. परवडत असेल तर सी-स्टँड घ्यावा. त्याचे पाय वेगवेगळ्या उंचीवर असतात, त्यामुळे वजनाची पिशवी उंच पायावर जमिनीला न टेकता लटकते, आणि सरकता पाय असलेला घेतला तर उतारावरही दांडा सरळ उभा राहतो. पायांचे माहात्म्य पटत नसेल त्याने नाणेघाटातले लेणे पाहावे. तिथे सातवाहन राजघराण्यातल्या व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. आज वर ब्राह्मीत नावे आहेत, खाली पावलांच्या खुणा आहेत, आणि मधले राजे नाहीत.

पाय आणि ओझे यांच्यानंतर तिसरा उपाय म्हणजे शीडच लहान करणे. याचा उत्तम पुरावा नारायणगावजवळ खोडदला उभा आहे. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या तीस तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. एवढ्या आकाराची पत्र्याची बशी उघड्या माळावर उभी करायची तर तिला पेलणारा सांगाडाच परवडला नसता. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणून पृष्ठभागाला पत्रा लावलाच नाही. दोरांच्या आधारावर स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी ताणली. रेडिओ लहरींना ती आरशासारखी भासते आणि वारा तिच्यातून पार निघून जातो. वारा फारच माजला तर तबकड्या आकाशाकडे तोंड करून ठेवतात. देशातल्या नामांकित शास्त्रज्ञांनी वाऱ्याशी असा समझोता केला, तिथे मोठ्या छत्रीचा आग्रह धरणाऱ्या छायाचित्रकाराने थोडे नमते घ्यायला हरकत नसावी. सॉफ्टबॉक्सऐवजी लहान रिफ्लेक्टर लावावा, दिवा विषयाच्या जवळ आणावा, दांडा दोन मीटरवरून एकावर उतरवावा. ओझ्याची गरज तिथल्या तिथे निम्म्यावर येते. प्रकाश थोडा कडक पडेल. नवरीच्या गालावरची सावली थोडी गडद दिसेल, पण गालावर सॉफ्टबॉक्स पडल्यावर जी दिसते तिच्यापेक्षा ती सौम्यच असते. (खोडदच्या परिसरात फ्लॅशचा रेडिओ ट्रिगर मात्र चालू करू नये. दूरच्या दीर्घिकांचे क्षीण संदेश टिपायला बसलेल्या यंत्राला आपल्या प्री-वेडिंगची खबर देण्याचे कारण नाही.)

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. एवढे ओझे वाहायचे कुणी? लेण्याद्रीला जवळपास तीनशे पायऱ्या आहेत. सहा-सात किलोचा सी-स्टँड आणि वर वाळूची पिशवी घेऊन गिरिजात्मजाच्या दारी पोचणारा माणूस फोटो काढण्याच्या अवस्थेत नसतो, नवस फेडण्याच्या अवस्थेत असतो. आक्षेप खरा आहे, पण तो लेण्याद्रीपुरता गैरलागू आहे. लेण्याद्री काय किंवा शिवनेरी काय, ही संरक्षित स्मारके आहेत. तिथे स्टँड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि ती काढण्यातच इतका काळ जातो की वाऱ्याचा ऋतू बदलतो. बाकीच्या ठिकाणी ओझे न्यायचेच नसते, रिकाम्या पिशव्या न्यायच्या असतात. सह्याद्रीत दगडाची टंचाई असल्याचे कुणी अजून नोंदवलेले नाही, आणि इथला बसाल्ट पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड. पिशवी तिथेच भरावी आणि निघताना दगड होते तिथे ठेवावेत. तटबंदीचे दगड या हिशेबात धरू नयेत, ते आधीच कामावर आहेत. कातळावर मेख ठोकायचा प्रयत्नही करू नये, मेख वाकते. जिथे माती आहे तिथे मात्र मेख आणि ताण यांच्याइतके स्वस्त स्थैर्य दुसरे नाही. स्टँडच्या माथ्याजवळून तीन दोर तीन दिशांना बांधावेत, की तरफेचे सगळे गणित उलटे फिरते, कारण आता जमीनही वाऱ्याइतक्याच उंचीवरून ओढू लागते. यासाठी परदेशी चित्रफिती पाहण्याची जरुरी नाही. जत्रांच्या हंगामात तमाशाचा फड गावोगावच्या माळावर अख्खा तंबू उभा करतो, रात्रभर वारा खातो आणि पहाटे उतरवून पुढच्या गावाला जातो. त्या तंबूच्या कडेने एक फेरी मारून मेखा कोणत्या कोनात ठोकल्यात ते पाहिले तरी पुरते.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा असतो. स्वस्तातला स्टँड घ्यावा, मोडला की दुसरा घ्यावा. हे तत्त्वज्ञान चपलांना लागू आहे. स्टँड एकटा पडत नाही. तो वरचा दिवा घेऊन पडतो, आणि दिव्याची किंमत स्टँडच्या कित्येक पट असते. शिवाय खाली कोण असेल ते सांगता येत नाही. डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यापासून बैलगाडा शर्यतींचे घाट पुन्हा गजबजले आहेत. बारी सुटते, पुढे घोडी, मागे बैल, कडेची गर्दी एका अंगाने पुढे झुकते आणि भंडाऱ्याचा ढग उठतो. त्या गर्दीत डुलणारा स्टँड रोवणाऱ्याला पडझडीची भीती घालायची आवश्यकता नाही. ज्याच्या डोक्यावर तो पडेल, तो माणूस ते काम करील.

तिसरा आक्षेप असा की एवढा खटाटोप करण्यापेक्षा दिव्याशेजारी माणूसच उभा करावा. हा आक्षेप मी खोडून काढणार नाही, कारण तो बरोबर आहे. वीज नव्हती तेव्हा तमाशा टेंभ्याच्या उजेडात रंगायचा आणि टेंभा हातात धरून माणूसच उभा असायचा. त्यानंतर वरातीत गॅसबत्त्याही माणसांच्या डोक्यावरूनच मिरवल्या. माणसाचे वजन साठ किलो, म्हणजे हिशेबापेक्षा दुपटीहून जास्त. उतारावर त्याचे पाय आपोआप लहानमोठे होतात. वारा फिरला की तो सांगितल्याशिवाय फिरतो. दोष दोनच. त्याला रोज द्यावा लागतो आणि जेवणाच्या वेळी दिव्याची उंची कमी होऊ लागते. तरीही मजूर महाग आणि पोलाद स्वस्त असे समजणाऱ्याने आणखी एक गोष्ट जमेस धरावी. फोटोंना सर्वात चांगला उजेड तिन्हीसांजेला मिळतो, आणि जुन्नर-आंबेगावच्या उसाकडेला नेमक्या त्याच वेळी एकट्याने थांबू नये असे वनखाते वारंवार बजावते. बिबट्याचा प्रश्न या गावांत थट्टेचा राहिलेला नाही. तेव्हा तिथे गोण्या, दोर, सी-स्टँड यांतले काहीही नेले नाही तरी चालेल, माणसे मात्र दोन-तीन न्यावीत. आणि त्यांच्या पगाराचा खर्च यजमानांना देण्याच्या बिलात ‘लाइट स्टँड, नग तीन’ असा दाखवावा. ‘मदतनीस’ असे लिहिले तर नवऱ्याचे मामा घासाघीस करतात.