चेकर महोदयांस, एका घरमालकाचे खुले पत्र

प्रति,
मा. चेकर महोदय,
फेलोशिप कक्ष (मजला आणि खोली क्रमांक विचारून विचारून सोडून दिले.)

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घराच्या माडीवर एक संशोधक मुलगी भाड्याने राहते. तुमची-तिची गाठ रोज पोर्टलवर पडते, आमची-तिची जिन्यात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती जिना जरा दबकत उतरू लागली की आम्ही ओळखतो, चेकरसाहेब अजून रजेवर आहेत.

मुलगी धमतरीकडची, घरची भाषा छत्तीसगढी. नागपूरकर भोसल्यांच्या अमलातले छत्तीसगड हा तिचा विषय. बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ रतनपुरात बसून इथला कारभार पाहत, ते गेल्यावर सुभेदारी आली, १८५४ साली इंग्रजांनी सगळेच खालसा केले. त्या काळातला पैसा-अडका, महसूल, कोणाकडून किती धान घेतले, हे सगळे मोडीत लिहिलेले. म्हणून पोरीने मोडी शिकून घेतली. आमच्या घरात तीन पिढ्या मराठी बोलतात, पण आजोबांचे मोडीतले खत पहिल्यांदा वाचून दाखवले ते हिने. आमच्या हिने त्या दिवशी पुरणपोळी केली. तुमच्याकडे अशी नोंद करायला रकाना नसेल.

नेट देऊन, ज्युनियर रिसर्च फेलोशिप मिळवून ही मुलगी इथे आली. १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, वर घरभाडे भत्ता. कागदावर ती माझ्या पेन्शनीपेक्षा श्रीमंत आहे. पैसे थेट दिल्लीहून तिच्या खात्यात यायचे, मध्ये कोणी हात लावायचा नाही, अशी उत्तम व्यवस्था सरकारने केली. फक्त एक बारीकशी अट घातली. दर महिन्याला संस्थेने पोर्टलवर कळवायचे की ही विद्यार्थिनी आहे, येते आणि काम करते. त्यासाठी दोन लॉगिन. एक मेकर, तो माहिती भरतो. दुसरे आपण, चेकर. आपण ती पाहून टिक मारायची. तारीख हुकली की तो महिना लटकला.

मी अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत कोषागारात बिले तपासली आहेत, तेव्हा हे पत्र एका कारागिराने दुसऱ्याला लिहिले आहे असे समजा. आमच्या काळी पैसे अडवायचे तर मेहनत होती. व्हाउचर चाळायचे, बेरीज पुन्हा करायची, कुठेतरी एखादी सही तिरकी सापडायची, मग लाल शाईने आक्षेप लिहायचा आणि खाली स्वतःची सही ठोकायची. त्या सहीपायी शिव्या खाव्या लागत. माणूस टेबलासमोर येऊन विचारी, का अडवले? उत्तर द्यावे लागे. आपण ही कला कुठल्या कुठे नेऊन ठेवलीत! आक्षेप नाही, शेरा नाही, नकार नाही. नुसते काहीच न करणे, आणि पलीकडे पडद्यावर ‘पेंडिंग’. त्यावर अपील कशाचे करणार? नाकारलेलेच नाही तर दाद कुठे मागणार? मुलगी विचारायला गेली तर मेकर म्हणतो, मी केव्हाच भरले, चेकरकडे आहे. चेकरच्या खोलीत गेली तर खुर्चीवर नॅपकिन. बाजूचे गृहस्थ सांगतात, साहेबांच्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि मोबाइल बदललाय.

मध्यंतरी तिला पुण्याच्या पेशवे दफ्तरात जायचे होते. आझाद हिंद एक्स्प्रेसचे तिकीट तिने काढले आणि आठवड्यात रद्द केले. किरकोळ खर्चासाठी तिला पहिल्या दोन वर्षांत वर्षाला १०,००० रुपये मिळतात, पण आधी स्वतः खर्च करायचा, बिले लावायची, मग ती बिले पुन्हा आपल्यासारख्याच कुणा थोर माणसाच्या दारात. ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत त्याला पैसे देण्याची ही योजना आहे, हे आम्हाला उशिरा उमगले.

घरभाडे भत्त्याची गंमत तर मला फारच आवडली. ती आमच्याकडेच राहते असे माझ्या सहीनिशी कागदावर लिहून घेतले, पावती मागितली. मी पावती दिली. पावतीवर ‘भाडे मिळाले’ असे लिहिले होते, आणि ते मिळण्यासाठीच ती पावती लागत होती. कोषागारात असतो तर या बिलावर मी स्वतःच आक्षेप काढला असता.

आता घरात आम्हीही मेकर-चेकर पद्धत सुरू केली आहे. ‘या महिन्याचे भाडे पुढे ढकलावे’ असा प्रस्ताव मी भरतो, आमची ही चेकर. ती पोळ्या लाटता लाटता मान हलवते. ओटीपी लागत नाही.

महोदय, आपण ज्या शहराला वेठीला धरले आहे त्याची थोडी माहिती असावी. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर २ फेब्रुवारी १८८४ रोजी याच रायपुरात जन्मले. अमेरिकेला जाऊन कॉर्नेल विद्यापीठातून भारतातल्या जातिसंस्थेच्या इतिहासावर त्यांनी डॉक्टरेट घेतली आणि परतल्यावर महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड १९२९ पर्यंत पुरे केले. सरकारी फेलोशिप नव्हती. त्यांनी चक्क लिमिटेड कंपनी काढून लोकांना शेअर विकले. दारोदार हिंडणे काही सुखाचे नसणार, पण एक सोय होती. ज्याला शेअर घ्यायचा नसे तो तोंडावर नाही म्हणे, आणि केतकर पुढच्या दारी जात. आणि जो घेई तो विचारून-सवरून घेई. आपण मात्र मला, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला, डबा देणाऱ्या बाईंना आणि धमतरीकडे धान विकणाऱ्या तिच्या बापाला न विचारताच भागधारक करून टाकलेत. भारत सरकारच्या संशोधन धोरणात आमचा चौघांचा पैसा बिनव्याजी गुंतला आहे, आणि वार्षिक सभेचे निमंत्रण अजून नाही.

सगळा दोष एकट्या आपल्या माथी मारणे बरोबर नाही, हेही कळते. वरपासूनच मजले पाडले आहेत. पंतप्रधान रिसर्च फेलोशिपवाल्याला पहिली दोन वर्षे महिना ७०,०००. त्याखाली आमच्या माडीवरचे ३७,०००. त्याखाली नेट न झालेल्यांची फेलोशिप, ८,०००, आणि तीही केंद्रीय विद्यापीठांतच. म्हणजे बिलासपूरचे गुरू घासीदास विद्यापीठ २००९ साली केंद्रीय झाले, तिथल्या पोराला ती मिळू शकते. शे-सव्वाशे किलोमीटर अलीकडे रायपूरचे रविशंकर शुक्ल विद्यापीठ राज्याचे, इथल्या पोराला या योजनेत शून्य. गाडी बदलली की गुणवत्ता बदलते. ते ८,०००सुद्धा २०१५ साली बंद करायचा घाट घातला होता, पोरे दिल्लीत यूजीसीच्या दारात ठाण मांडून बसली तेव्हा राहिले. आणि २०२३ च्या डिसेंबरात नागपूरला विधान परिषदेत विचारून झालेच आहे की, पीएचडी करून काय दिवे लावणार? आमच्या माडीवर रात्री दोनपर्यंत लागतो साहेब, दिवा. बिल मी भरतो.

आणि एक, विषयाला थोडे सोडून. साठच्या दशकात कटकच्या भात संशोधन संस्थेचे संचालक असलेले डॉ. रिछारिया पुढे रायपुरात आले. त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी सत्तरच्या दशकात गावोगाव हिंडून धानाचे हजारो देशी वाण गोळा केले. मग त्यांची रायपुरातली संस्थाच बंद झाली. तरी वाण उरले. आज इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात २३,००० च्या वर वाणांचा ठेवा आहे, आणि २००२ साली एका परदेशी बियाणे कंपनीला त्याची दारे उघडायची बोलणी चालली तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि ती मोडली. सांगायचे एवढेच की, थंड खोलीत नीट ठेवले तर धानाचे बियाणे वाट पाहते. पंचविशीतली मुलगी पाहत नाही. तिच्या बापाला दर महिन्याला कोणीतरी विचारते, ‘पैसा मिलत हे का?’ आणि मागोमाग एका स्थळाचा फोटो दाखवते. त्या फोटोतला मुलगा चेकर असू नये, एवढीच प्रार्थना.

ती बाड-बिस्तरा गुंडाळून गेली तर आपल्या पोर्टलवर काहीच दिसणार नाही. उलट एक पेंडिंग कमी होईल आणि आपला निपटारा वाढेल. कदाचित वर्षाअखेरीस आपल्याला त्याबद्दल प्रशस्तिपत्रकही मिळेल, आणि ते मात्र वेळेवर निघेल.

तेव्हा विनंती अशी की, आपण पैसे देऊ नका. ते आपले नाहीतच. आपण तिच्या कामाची परीक्षाही घेऊ नका. तिचे गाइड आहेत, विभागप्रमुख आहेत, दोन वर्षांनी वरची फेलोशिप देताना समिती बसणार आहे. आपण फक्त लॉगिन करावे. आपला नवा मोबाइल नंबर कोणा शिपायाजवळ तरी सांगून ठेवावा. आणि टिक मारवतच नसेल तर ‘नामंजूर’ लिहून कारण द्यावे, खाली नाव लिहावे, सही करावी. आम्ही जुने लोक सहीची फार कदर करतो.

कळावे, लोभ असावा (भाडे नाही तर निदान तो तरी).

आपला,
तात्यापाऱ्यातला एक घरमालक

ता. क. : कोपऱ्यावरचा किराणावालाही आपल्याला पत्र लिहायला बसला आहे. ते छत्तीसगढीत असेल, आणि त्यात ‘महोदय’ नसेल.