आम्हाला हक्काचा मालक पाहिजे

इंदूरच्या कृष्णपुऱ्यातल्या माणसाला क्रिकेटनं सगळं दिलं, फक्त शिव्या घालायला हक्काचा मालक दिला नाही. मालकानं हार्दिकला कप्तान केलं म्हणून मुंबईकरानं २०२४ मध्ये भर वानखेडेवर हुर्यो उडवली. लखनौकर गोएंकांच्या नावानं बोटं मोडतो. आम्ही मात्र होळकरांच्या छत्र्यांसमोरच्या पुलावर कान्ह नदीचा सुगंध घेत उभे राहतो आणि परगावच्या मालकांचा उद्धार करतो. २०२१ साली आयपीएलच्या दोन नव्या संघांसाठी सहा शहरांची यादी निघाली. तीत इंदूर होतं. मग लखनौ ७०९० कोटींना गेलं, अहमदाबाद ५६२५ कोटींना, आणि आम्ही त्याही वर्षी स्वच्छतेत पहिले आलो.

तसे पाहुणे येऊन गेले. २०११ मध्ये कोचीचा संघ दोन सामने ‘घरचे’ म्हणून इथे खेळला आणि त्याच वर्षी त्या संघाचं घरच बसलं. २०१७ आणि १८ मध्ये पंजाब आला. जेवला, हात धुतले, गेला.

म्हणून आमची सगळी भिस्त पोरांवर. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहला लिलाव झाला. ज्या श्रेयस अय्यरनं करंडक जिंकून दिला त्याला कोलकात्यानं आधीच मोकळं केलं होतं. तो २६.७५ कोटींना पंजाबात गेला. मग कोलकात्याला अय्यर आडनावाची आठवण झाली असावी, कारण गाठीला उरलेल्या ५१ कोटींतले २३.७५ कोटी त्यांनी आमच्या वेंकटेशवर मोकळे केले. त्या रात्री पुलावर प्रत्येक जण त्याचा शाळासोबती होता.

२०२५ च्या हंगामात त्याच्या धावा झाल्या १४२ आणि कोलकाता आठवं आलं. पुलावरच्या एका पेन्शनर काकांनी शेवेच्या पुडीचा कागद उलटा करून पेन्सिलीनं भागाकार मांडला. एका धावेला १६ लाख ७२ हजार.

“म्हणजे चौकार ६७ लाखांना,” काका म्हणाले. “आणि ही पोरं बसल्या बसल्या टाळ्या वाजवतात. अरे, उभे राहा!”

“काका, पण त्यानं थोडेच मागितले होते?”

“त्याला कोण बोलतंय? मी देणाऱ्याबद्दल बोलतोय. आमच्या खात्यात पंख्याला कॅपॅसिटर बसवायचा तर तीन कोटेशनं लागत.”

दुसरं पोर रजत पाटीदार. २०२२ च्या लिलावात त्याला कुणी हात लावला नाही. मग बंगळुरूचा एक खेळाडू जायबंदी झाला, त्याच्या जागी याला वीस लाखांत बोलावलं आणि यानं बाद फेरीत नाबाद ११२ ठोकले. पुढे कप्तान झाला आणि जून २०२५ मध्ये त्या संघाला पहिला करंडक मिळवून दिला. सतरा हंगाम मालकांनी जगभरची हिरे-माणकं गळ्यात घालून पाहिली होती. त्याच डिसेंबरात कोलकात्यानं सोडलेला वेंकटेश बंगळुरूनं सात कोटींना घेतला. सात आकडा ऐकून काकांनी नवा कागद मागितला.

आता जुनं सांगतो, कारण आम्हालाही एकदा मालक होता. यशवंतराव होळकर. त्यांची वाडवडील मंडळी इथेच छत्र्यांत विसावली आहेत. त्यांचा संघ १९४१-४२ ते १९५४-५५ या चौदा हंगामांत दहा वेळा रणजीच्या अंतिम सामन्यात पोचला आणि चारदा जिंकला. लिलाव नाही, एजंट नाही. सी. के. नायडूंना दरबारानं १९२३ मध्येच बोलावून फौजेत हुद्दा दिला होता. त्यांनी १९४६ मध्ये पन्नाशीला आल्यावर बडोद्याविरुद्ध अंतिम सामन्यात २०० काढल्या. त्याच हंगामात म्हैसूरविरुद्ध होळकरांनी इंदुरात ८ बाद ९१२ केल्या, त्यात सहा शतकं. आजच्या दरानं त्या डावात संस्थान विकावं लागलं असतं.

आणि कॉम्प्टन! इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन युद्धात महूच्या छावणीत होता, म्हणजे बसभाड्याच्या अंतरावर. १९४४-४५ चा अंतिम सामना मुंबईविरुद्ध, होळकरांना जिंकायला ८६७ हव्या होत्या. एका धनिक शेठजींनी शतकानंतरच्या प्रत्येक धावेला रोख इनाम कबूल केलं. कॉम्प्टन नाबाद २४९ करून आला तर शेठजी गायब, मागे चिठ्ठी: तातडीच्या कामाला जावं लागलं. हा किस्सा तो स्वतः सांगायचा. काकांनी १४९ गुणिले १६ लाख ७२ हजार केले. जवळजवळ पंचवीस कोटी! तेव्हापासून काकांचं त्या शेठजींबद्दलचं मत एकदम सुधारलंय. त्यांच्या मते आयपीएलमध्ये पैशाची अक्कल असलेला मालक हवा तर असा.

मैदान आजही होळकरांच्याच नावाचं आहे. मध्य प्रदेश क्रिकेट संघटनेच्या अध्यक्षपदी सप्टेंबर २०२५ मध्ये महाआर्यमन शिंदे बिनविरोध आले, त्याआधी त्यांचे वडील आणि आजोबाही त्या पदावर होते. शिंदे-होळकरांचं एवढं गुण्यागोविंदानं इतिहासात क्वचितच जमलं असेल. याच मैदानावरचा २०१८ चा वेस्ट इंडीजविरुद्धचा एकदिवसीय सामना विशाखापट्टणमला गेला, तोही फुकट पासांच्या वाटणीवरून. पुलावर त्याचा फार राग नव्हता. तत्त्वाचा प्रश्न होता.

२०२५ च्या नोव्हेंबरात बंगळुरूच्या मालकांनी संघ विकायचा का याचा विचार सुरू केल्याचं जाहीर केलं, आणि पुलावर तातडीची बैठक भरली. वर्गणी काढून संघ इंदूरला आणायचा, असं ठरलं. कप्तान घरचाच. रंग ठरला, ब्रेकमध्ये पोहे-जलेबी ठरली, पहिल्या पराभवानंतर कुणाला काढायचं तेही ठरलं. वर्गणीचा आकडा मात्र पुढच्या बैठकीवर ढकलला. मग कुणीतरी विचारलं, घरटी पास किती? काका म्हणाले चार. वरच्या आळीवाले म्हणाले सहा, आणि जावई आला तर सात. रात्री साडेअकराला बैठक मोडली. दोन्ही गट तावातावानं सराफ्याकडे गेले, एक या फुटपाथनं, दुसरा त्या.