मागची बाकी

प्राध्यापकांच्या संघटनेत अध्यक्षपदासाठी चार जण बाशिंग बांधून तयार असतात. सरचिटणीसपदावरून कुरबुरी होतात. त्यात संस्था, तालुका, विषय सगळं निघतं. खजिनदाराचं नाव सुचवायची पाळी आली की मात्र निम्म्या सभेला एकदम फोन येतात. आमच्या जिल्हा शाखेच्या त्या सभेत मला फोन आला नाही. त्यात मी अकाउंट्स शिकवतो. "कीर्द-खतावणी शिकवणारा माणूस समोर बसलाय, दुसरं नाव कशाला?" असं अध्यक्ष म्हणाले आणि ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. अकाउंट्स शिकवणं आणि पैसे सांभाळणं यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, हे मला सांगायचं होतं. पण तोवर चहा आला होता.

अर्थात मी अगदीच नाराज नव्हतो. यूजीसीच्या २०१० च्या नियमांनी आमच्या बढतीला गुणांचा एक तक्ता जोडला होता. वर्गात शिकवलं की गुण, निबंध छापला की गुण. त्यातल्या दुसऱ्या गटात, व्यावसायिक विकासाच्या रकान्यात, चर्चासत्रं आणि व्याख्यानांच्या पंगतीला संघटनेचं सभासदत्वही बसवलेलं होतं. त्या काळात नाशिकच्या कॉलेज रोडवर आणि गंगापूर रोडवर कितीतरी प्राध्यापकांना समाजकार्याची ओढ लागली. मीही त्यातलाच. घरी मात्र "कोणीतरी करायला हवं ना" असं म्हणालो. बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

खजिनदाराचं मुख्य काम वर्गणी गोळा करणं. पावती पुस्तक पिशवीत घालून मी रविवार सोडून मिळेल त्या वेळी मालेगाव, येवला, सटाणा, इगतपुरी अशा वाऱ्या सुरू केल्या. स्टाफरूममध्ये पावती पुस्तक दिसलं की माणसं कशी वागतात, हे जवळून पाहण्यासारखं असतं. एक जण तासाला उठतो, वेळापत्रकात त्याचा तास नसला तरी. दुसरा पाकीट उघडतो, आत बराच वेळ पाहतो आणि बंद करतो. तिसरा संघटनेच्या इतिहासावर बोलू लागतो. हा तिसरा सगळ्यात महागात पडतो. २०१३ साली एम्फुक्टोने, म्हणजे प्राध्यापक संघटनांच्या राज्य महासंघाने, परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला होता. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेट नसलेल्या जुन्या प्राध्यापकांचा प्रश्न, या मागण्यांसाठी फेब्रुवारीपासून मेपर्यंत तो चालला आणि त्यापायी ७१ दिवसांचा पगार अडकला. "सर, आधी ते ७१ दिवस आणा, मग पाचशे मागा," हे वाक्य मी जिल्ह्याच्या सगळ्या तालुक्यांत ऐकलं. सुरगाण्यात तर शिपायानेही ऐकवलं. त्याचा पगार अडकलेलाच नव्हता.

तरीही थोडीफार वर्गणी जमली. वर्गणी बरोबर पाचशे ठेवायची सूचना माझीच. सुट्या पैशांची कटकट नको, एक सभासद, एक नोट, एक पावती. हिशेब इतका सोपा झाला की मी वर्गात उदाहरण म्हणून सांगू लागलो.

आता हे पैसे बँकेत भरायला हवेत, हे मलाही कळत होतं. भरायला गेलो तेव्हा समजलं की दोन वर्षांहून जास्त काळ खात्यावर व्यवहारच नाही, म्हणून खातं निष्क्रिय झालं आहे. ते जागं करायचं तर खात्यावर ज्यांच्या सह्या चालतात त्यांनी यायचं. सह्या चालत होत्या त्या मागच्या अध्यक्षांच्या आणि मागच्या खजिनदारांच्या. अध्यक्ष निवृत्त होऊन पुण्याला कोथरूडला मुलीकडे गेले होते. खजिनदार नाशकातच होते, पण त्यांचं आणि अध्यक्षांचं वाजल्यापासून ते संघटनेचं नाव काढलं तरी दार लावून घ्यायचे. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज दाखल करायचा असतो. तो कोणी करायचा, यावरच त्या दोघांचं वाजलं होतं. मी नोटा गोदरेजच्या कपाटात, बायकोच्या पैठणीखाली ठेवल्या. तात्पुरत्या.

मग ८ नोव्हेंबर २०१६ उजाडला. उजाडला तो सरळच. रात्री आठला बिघडला.

टीव्हीवर पंतप्रधान बोलत होते तेव्हा मी प्रथम सत्राचे पेपर तपासत होतो. पाचशे आणि हजारच्या नोटा मध्यरात्रीपासून बाद, हे ऐकून बायको म्हणाली, "अहो, ती तुमची वर्गणी?" मी उठलो, पैठणी काढली, नोटा पलंगावर मांडल्या. सगळ्याच्या सगळ्या पाचशेच्या. माझ्या सुटसुटीत हिशेबाचं हे फळ. त्याच क्षणी फोन वाजला.

"सर, माझी मागची बाकी किती आहे हो?"

हे गृहस्थ स्टाफरूममध्ये पाकिटात पाहून पाकीट मिटणाऱ्यांपैकी. पाठोपाठ दुसरा फोन, तिसरा फोन. साडेनऊपर्यंत आमच्या सोसायटीच्या फाटकाशी स्कूटरी लागल्या. ज्यांनी मला वर्षभर ७१ दिवसांचा इतिहास ऐकवला होता ते रांगेने जिना चढत होते. वॉचमनला वाटलं, आमच्याकडे कोणी गेलं. कोणी तीन वर्षांची बाकी भरली, कोणी पुढच्या चार वर्षांची आगाऊ. प्राध्यापकांच्या संघटना आता कालबाह्य झाल्या आहेत, असा लेख लिहिणाऱ्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी हजाराच्या पाच नोटा पुढे केल्या. "आजीव सभासद करा. चळवळ टिकली पाहिजे." त्यांचा आवाज भरून आला होता. मी बारा वाजेपर्यंत पावत्या फाडत होतो. कायद्याने तोवर नोटा चालत होत्या, हे मी सगळ्यांना सांगत होतो; मुख्यतः स्वतःला. दुसऱ्या दिवशी आणखी काही जण आले आणि पावतीवर कालचीच तारीख घाला म्हणाले. एकदोघांना नाही म्हणता आलं नाही. ते माझ्या बढतीच्या समितीवर होते.

शाखेच्या इतिहासात एवढी वर्गणी कधी जमली नव्हती. अध्यक्षांनी फोनवर अभिनंदन केलं आणि पैसे लवकर भरून टाका म्हणाले. ३० डिसेंबरपर्यंत मुदत होती.

त्या नोव्हेंबरातलं नाशिक म्हणजे एक अजब गाव होतं. नाशिकरोडला १९२८ पासून नोटांचा छापखाना आहे. नव्या पाचशेच्या नोटा तिथे जोरात छापल्या जात होत्या, कामगार जादा वेळ थांबत होते. आणि त्याच गावात आम्ही पहाटेपासून एटीएमसमोर उभे. "सर, हलवायाच्या दुकानासमोर उपास चाललाय," असं रांगेतला माझाच एक विद्यार्थी म्हणाला. त्याच्या पेपरला मी नापासाचे गुण दिले होते. वाक्य चांगलं होतं, तेव्हा फेरतपासणीचा विचार मनात येऊन गेला.

पुण्याला गेलो ते एसटीने, कारण एसटीत जुन्या नोटा तेव्हा काही दिवस घेत होते. संगमनेर, नारायणगाव, चाकण असं करत कोथरूडला पोचलो. माजी अध्यक्षांनी प्रेमाने बसवलं आणि सही करण्याआधी एक पिवळी पडलेली फाइल काढली. त्यात मुंबईच्या एका मोर्चाला नेलेल्या बसचं बिल होतं. संघटनेने ते त्यांना कधीच दिलं नव्हतं. "आता खातं चालू होतंय तर हे आधी घ्या." मी घेतो म्हणालो. माणूस सहीसाठी काय वाटेल ते म्हणतो.

माजी खजिनदार नाशकातले असल्याने सोपे जातील, असा माझा अंदाज होता. त्यांनी दार उघडलं, अर्ज पाहिला आणि म्हणाले, "यांची सही वर का? माझी वर असेल तर करतो." मी नवा अर्ज केला. तो घेऊन पुन्हा कोथरूड. अध्यक्षांनी त्यावर सही केली, पण वरच्या सहीहून दुप्पट मोठी. खातं जागं झालं तेव्हा डिसेंबर संपत आला होता. पैसे भरले. बाहेर येऊन मी मिसळ खाल्ली आणि पैसे देताना लक्षात आलं की खिशात दोन हजारांची एकच नोट आहे, सुटे कुणाकडेच नाहीत. हॉटेलवाल्याने वहीत नाव लिहून घेतलं.

लेखापरीक्षणाला आमचाच एक माजी विद्यार्थी आला. आता सीए. वर्गात मागच्या बाकावर बसायचा. त्याने स्थळप्रती चाळल्या आणि नम्रपणे विचारलं, "सर, आठ नोव्हेंबरला एवढे सभासद?"

"त्या दिवशी जागृती झाली," मी म्हणालो.

"आणि ही मिसळ?"

"ती माझी वैयक्तिक."

"मग ती संघटनेच्या रोखवहीत का आहे?" त्याने ती काढून टाकली. बस-बिल उचंत खात्याला टाकलं. मीच शिकवलं होतं, उचंत खातं फार दिवस उघडं ठेवू नये. तो ते मलाच ऐकवेल की काय, या भीतीने मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. मग त्याने सभासदांची यादी पावत्यांशी जुळवायला घेतली. बराच वेळ जुळवली. चष्मा काढला.

"सर, तुमचं नाव कुठे दिसत नाही. तुम्ही वर्गणी भरलीये ना?"

जिल्हाभर पावत्या फाडल्या, पण माझ्या नावाची फाडलीच नव्हती. म्हणजे बढतीच्या तक्त्यात सभासदत्वाचे जे गुण मी धरून बसलो होतो, त्यांना पुरावाच नव्हता. (तो तक्ताही २०१८ च्या नियमांत उरला नाही, ही पुढची गोष्ट.) त्याहून मोठं म्हणजे, आमच्या घटनेप्रमाणे सभासद नसलेल्याला कार्यकारिणीत राहता येत नाही. हे कळताच मला विलक्षण हलकं वाटलं. मी त्याच संध्याकाळी राजीनामा लिहून अध्यक्षांच्या घरी गेलो.

त्यांनी तो वाचला, घडी करून बाजूला ठेवला.

"एवढंच ना? मागची बाकी भरून टाका. पावती तुम्हीच फाडा." मग जरा थांबून म्हणाले, "आणि नोट नवी द्या हं, सर. जुन्या आता चालत नाहीत."