प्रामाणिकांची झडती

सॉफ्टवेअर कंपन्यांचे जाहीर अभिनंदन करायला हवे. चोर सापडत नाही म्हणून हातावर हात ठेवून बसण्याऐवजी त्यांनी जो सापडतो त्याचीच, म्हणजे पावतीवाल्या गिऱ्हाइकाची, झडती सुरू केली. ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तपासणी सर्व्हरने सुमारे १९ तास हजारो अस्सल विंडोज बनावट ठरवल्या. २०१० मध्ये युबिसॉफ्टने विकतच्या खेळांना इंटरनेटची अखंड साक्ष सक्तीची केली. मार्चमध्ये त्यांचेच सर्व्हर कोलमडले आणि पैसे मोजलेले खेळाडू दाराबाहेर राहिले. नियम म्हणजे नियम!

ही शिस्त आमच्या बहरीनमधल्या तुबलीतही यावी. कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, दूध नेणाऱ्याने रोज सकाळी दुकानदाराला फोन करून ‘हे दूध चोरलेले नाही’ असे कळवावे. फोन लागला नाही, तर फ्रीजने दार उघडू नये. फ्लॅट बदलला, तर तेच दूध पुन्हा विकत घ्यावे. वर्कशॉपमधल्या पान्यालाही डोंगल, म्हणजे परवाना पटवणारा खुंटा, असावा. तो हरवला, तर नट बोटांनी पिळावा. चोरून दूध पिणाऱ्याला यातले काहीच लागू नाही. त्याच्याकडे पावतीच नाही, तर तपासणार काय?

कंपन्यांचा या पद्धतीवरचा विश्वास तर अढळ आहे. २००८ मध्ये युबिसॉफ्टचा ‘रेनबो सिक्स वेगास २’ हा खेळ डाउनलोड करून विकत घेतलेल्यांकडेही डिस्क मागू लागला. कंपनीने अधिकृत दुरुस्ती दिली. फाइल उघडून पाहिली, तर आत ‘रिलोडेड’ या चाचेटोळीची सही.

परवान्याची चौकशी झाल्याचे ऐकिवात नाही.